नगरपरिषद (महाराष्ट्र)

लहान व मध्यम शहरांचा कारभार पाहणारी, मतदानाने निवडून आलेली स्थानिक स्वराज्य संस्था. बोलण्यात तिला अजून ‘नगरपालिका’ किंवा नुसतेच ‘पालिका’ म्हणतात. महाराष्ट्रात तिचे कामकाज 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार चालते. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर ‘अ’ वर्ग, चाळीस हजारांच्या वर असेल तर ‘ब’ आणि त्याखाली ‘क’ वर्ग, अशी विभागणी आहे. खेडेपण सोडून शहर होऊ लागलेल्या गावांसाठी नगरपंचायत असते. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनेत स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी 18 विषय दिले आहेत. नागरिकाला रोज जाणवणारे मात्र तीन-चारच: पाणी, गटार, कचरा, रस्त्यावरचा दिवा.

नगरपरिषदेत दोन सत्ताकेंद्रे असतात. एक नगराध्यक्ष आणि नगरसेवकांचे, दुसरे राज्य शासनाने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याचे. धोरण सभागृह ठरवते. अंमलबजावणी, कर्मचारी आणि दप्तर मुख्याधिकाऱ्याकडे असते. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडावा की नगरसेवकांमधून, यावर राज्याचे मत वारंवार बदलले आहे. 2016 मध्ये थेट निवड आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा आली. थेट पद्धतीत अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असे घडू शकते. तेव्हा साध्या गटाराच्या कामालाही सभागृहात अडथळा येतो.

सर्वसाधारण सभेपुढे विषय क्रमाने येतात. प्रत्येक ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, त्यांची नावे इतिवृत्तात नोंदली जातात. शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ घेतले जातात. विषयपत्रिकेत नसल्याने त्यांची तयारी कोणीच केलेली नसते, म्हणून जागरूक नगरसेवकाने सर्वांत जास्त लक्ष तिथेच द्यायला हवे. बेकायदेशीर ठरावाची अंमलबजावणी कलम 308 खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात.

ठरावाचे मोल काय असते, हे महाडच्या इतिहासात दिसते. समाजसुधारक सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सभागृहाने दिलेला हक्क सभागृहच काढून घेऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

पैशाचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. एकेकाळी नगरपालिकांची भिस्त जकातीवर, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या करावर होती. शहराच्या वेशीवर नाका, आडवा बांबू, मालाच्या याद्या तपासणारा कारकून आणि पावतीसाठी खोळंबलेल्या गाड्या, हे दृश्य पन्नाशीच्या पुढच्या पिढीला आठवत असेल. जाच होता, चोरवाटाही होत्या. पण बाजारपेठ वाढली की पालिकेची तिजोरीही वाढत असे. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि भरपाई म्हणून शासनाचे सहायक अनुदान सुरू झाले. आज अनेक ठिकाणी ते पगार आणि निवृत्तिवेतनातच संपते. अनुदानाचा हप्ता लांबला की सफाई कामगाराचा पगार लांबतो. शहराच्या व्यापाराशी तिजोरीचे नाते तुटले, हे नुकसान मला जकातीच्या जाचाहून मोठे वाटते.

स्वतःच्या उत्पन्नात मुख्य आहे मालमत्ता कर, म्हणजे घरपट्टी. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, हे ठरवून त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा करतात. उरते ते करयोग्य मूल्य. समजा, वार्षिक भाडे 12,000 रुपये धरले, तर करयोग्य मूल्य 10,800 रुपये. कराचा दर 25 टक्के धरला, तर कर होतो 2,700 रुपये. त्याच बिलात वृक्षकर, अग्निशमन कर आणि राज्याचा शिक्षण कर यांच्याही ओळी असतात. शिक्षण कर पालिका फक्त गोळा करते, तो शासनाकडे भरावा लागतो. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी. याद्या प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या आणि सुनावणी घ्यायची असते. निवडणूक जवळ असली की फेरआकारणी पुढे ढकलण्याकडे कल असतो. मग एकदम मोठी वाढ येते आणि लोकांचा संताप रास्तच असतो.

पाणीपट्टीतून योजनेचा खर्च सहसा निघत नाही, पंपांच्या वीजबिलाची तूट घरपट्टीतून भरून काढावी लागते. याखेरीज गाळेभाडे, बाजार फी, विकास शुल्क आणि खरेदीखतांवरील 1 टक्का मुद्रांक अधिभाराचा वाटा मिळतो.

मोठी कामे बाहेरच्या निधीतून होतात: नगरोत्थान आणि दलित वस्ती सुधारणा या शासनाच्या योजना, जिल्हा नियोजन समितीचा निधी. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या अनुदानात, महानगरे वगळता इतर शहरांसाठी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. हिशेबाची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. त्याचे आक्षेप सभेपुढे वाचले जातात, पण वसुलीपर्यंत पोचायला वर्षे लागतात.

घटनेनुसार सभागृहाची मुदत पाच वर्षे असते आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. तरीही 2021 च्या अखेरीपासून अनेक नगरपरिषदांच्या मुदती संपत गेल्या आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी त्या घेण्याचा आदेश दिला आणि डिसेंबर 2025 मध्ये मतदान झाले. मधल्या काळात प्रशासक होते, कित्येक ठिकाणी खुद्द मुख्याधिकारीच. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. त्या काळच्या ठरावांना ‘प्रशासकीय ठराव’ म्हणतात. त्यांना ना सूचक असतो, ना अनुमोदक. खाली एकच सही असते.