नेपाळी आले म्हणून कोकणातली कामं गेली?

रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत आणि मच्छीमार नौकांवर नेपाळी कामगार दिसले की दोन वाक्यं हमखास कानावर येतात: ‘हे बेकायदा आलेत’ आणि ‘यांनी आमच्या पोरांची कामं घेतली’.

पहिलं चूक आहे. 1950च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमानुसार नेपाळी नागरिकाला इथं राहायला, कामधंदा करायला मुभा आहे. व्हिसा लागत नाही. तरी बागायतदाराने नागरिकतेच्या दाखल्याची प्रत ठेवून पोलीस ठाण्यात माहिती द्यावी.

दुसरं आकड्यांपुढे टिकत नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली. सिंधुदुर्गातही घटली. चाकरमानी तर गिरण्यांच्या काळापासून मुंबईला जातोय! कामं ओस पडली होती, ती यांनी धरली.

आणि बागेतलं हे काम अंगमेहनतीचं असलं तरी बिनडोक नव्हे. मोहरावर तुडतुडे (रस शोषणारे बारीक किडे) वाढायच्या आत फवारणी, रात्रीची राखण, मग काढणी. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार फळ झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या साधनाने), तीन-चार सेंटिमीटर देठ ठेवून, उन्हाच्या आधी उतरवायचं. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग काळा पडतो, पुढे देठाकडून कूज लागते आणि पेटीचा भाव पडतो. हात बसलेला गडी म्हणूनच दरवर्षी परत बोलावला जातो.

पगारातले पैसे नेपाळला जातात, हे खरं. मुंबईची मनिऑर्डर कोकणात यायची, तसेच.