मायलिन आवरण आणि न्यूरिलेमा: आवरणं दोन, पेशी एक

रावेर-यावलकडं केळीचा खांब आडवा कापलेला सगळ्यांनी पाहिलाय: मधोमध दांडा आणि भोवती एकात एक गुंडाळलेली सोपटं. हातापायांतल्या चेतातंतूत दांड्याच्या जागी अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारा धागा, असतो. फरक असा, की केळीचं प्रत्येक सोपट वेगळ्या पानाचं, तर इथले सगळे वेढे एकाच श्वान पेशीच्या (अक्षतंतूला वेढणाऱ्या आधारपेशीच्या) पटलाचे. हे घट्ट वेढे म्हणजे मायलिन. त्याच्या कोरड्या वजनात 70 ते 80 टक्के स्निग्ध पदार्थ असतात, म्हणून ते विद्युतरोधक. वेढे आवळताना पेशीद्रव्य आणि केंद्रक बाहेर ढकलले जातात. ते ज्या सगळ्यात वरच्या थरात राहतात, तो न्यूरिलेमा. आकृतीत केंद्रक मायलिनच्या वेढ्यांत काढलं, की गुण गेलेच.

मायलिनचं काम वेगाचं. एका पेशीचं मायलिन जेमतेम मिलिमीटरभर पुरतं, मग रॅनव्हिएची गाठ, म्हणजे मायलिन नसलेली छोटी फट, येते. संदेश गाठीवरून गाठीवर उड्या मारतो आणि जाड तंतूत सेकंदाला 120 मीटरपर्यंत पोचतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूंत हा वेग 0.5 ते 2 मीटर. पण ते तंतू उघडे नसतात. एक श्वान पेशी असे अनेक तंतू आपल्या खाचांत सांभाळते. म्हणजे मायलिन नाही, न्यूरिलेमा आहे. मेंदू आणि मेरुरज्जूत बरोबर उलटं: तिथं मायलिन दुसऱ्याच पेशी बनवतात, न्यूरिलेमा नसतोच.

हा भेद दवाखान्यात कळतो. जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम, प्रतिकारशक्तीच चेतांवर हल्ला करते तो आजार) याच्या नेहमीच्या प्रकारात मुख्यतः मायलिन सोललं जातं. अक्षतंतू शाबूत असेल, तर श्वान पेशी पुन्हा वेढे घालतात आणि ताकद काही आठवड्यांत-महिन्यांत परतू लागते.

घड उतरवताना मनगटावर कोयता बसून नस (रक्तवाहिनी नव्हे, चेता) तुटली, तर गोष्ट वेगळी. कापापुढचा अक्षतंतू आणि मायलिन दोन्ही झडतात. श्वान पेशी मात्र टिकतात, वाढतात, आपल्या नळीत रांग धरतात. त्या वाटेनं अक्षतंतूचा नवा कोंब रोज साधारण 1 मिलिमीटर सरकतो. मनगट ते बोटाचं टोक 18 सेंटीमीटर धरलं, तरी सहा महिने गेलेच. नसेवर टिचकी मारल्यावर मुंग्या येण्याची जागा महिन्याला इंचभर पुढं सरकली पाहिजे. टोकं जुळवली नाहीत, तर कोंब नळी चुकवून दुखरी गाठ करतात. म्हणून जखम शिवण्याआधी, भुलीचं इंजेक्शन द्यायच्याही आधी, बोटांच्या टोकांची संवेदना तपासायची. नंतर बधिरपणा भुलीचा की तुटलेल्या नसेचा, हे सांगता येत नाही.