कपाटातला क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे

डिस्क क्लोन करणं आता गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांना येतं. जुनी हार्ड डिस्क आणि नवी एसएसडी जोडायची, क्लोनझिला हे डिस्क कॉपी करणारं फुकट टूल चालवायचं, की विंडोज, पार्टिशनं, सेटिंग सगळं जसंच्या तसं पलीकडे. त्यावर शब्द खर्च करत नाही. डोकं फिरतं ते पुढचं ऐकून: “एक क्लोन कपाटात आहे, बॅकअपची काळजी मिटली.”

क्लोन आणि इमेज एकच समजण्याच्या या घोळाचं मूळ जुनं आहे. सिमँटेकने १९९८ साली घेतलेलं आणि २०१३ साली बंद केलेलं नॉर्टन घोस्ट हे डिस्क कॉपी करायचं सॉफ्टवेअर आठवत असेल. त्याच्या एकाच मेन्यूत ‘टू डिस्क’ (म्हणजे क्लोन) आणि ‘टू इमेज’ (म्हणजे डिस्कची प्रत फाइलीत) हे पर्याय वरखाली होते, आणि दोन्हींना लॅबमध्ये ‘घोस्ट मारणं’च म्हणत.

माल दोन्हींत तोच: बूटचा भाग, पार्टिशनांची मांडणी, विंडोज, फाइली. फरक आहे तो प्रत कुठे आणि कशी राहते याचा. क्लोन अख्खी डिस्क अडवतो, तेही तिच्यावरचं आधीचं सगळं पुसून. इमेज ही एक फाइल असते, किंवा फाइलींचं एक फोल्डर, आणि ती दुसऱ्या डिस्कवर इतर सामानाशेजारी पडून राहते.

आता हे बघा. १० तारखेला लॅपटॉपवरचं फोटोंचं फोल्डर चुकून उडालं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. १५ तारखेला तुम्ही शिस्तीत क्लोन ताजा केला. २५ तारखेला मावशीने लग्नाचे फोटो मागितले. क्लोनमध्येही ते नाहीत, कारण १५ तारखेला तुम्हीच ते तिथूनही पुसलेत. क्लोनला एकच तारीख माहीत असते, शेवटची. फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचंही तसंच: लॉक झालेल्या फाइली इमानेइतबारे क्लोनवर जातात.

इमेजच्या तारखा साठवता येतात. ५१२ जीबीच्या एसएसडीत १२० जीबी भरलेली असेल, तर क्लोनझिला किंवा तसलं टूल सहसा वापरलेला भागच उचलतं. म्हणजे २ टीबीच्या एक्स्टर्नलवर दर रविवारी घेतलेल्या डझनभर इमेज आरामात मावतात, कॉम्प्रेशन धरलंच नाही तरी. १० तारखेच्या आधीची इमेज काढायची, फोटो परत. (लिनक्सची डीडी ही कमांड वापरणाऱ्यांनी हे गणित विसरावं, ती रिकामी जागासुद्धा प्रामाणिकपणे कॉपी करतं.)

अजून एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. क्लोन ताजा होत असताना जुनी प्रत पुसली जात असते आणि नवी अर्धवट असते. नेमकी तेव्हाच मूळ डिस्क मेली, तर हातात एकही धड प्रत उरत नाही. नवी इमेज बनताना जुन्या इमेजला धक्काही लागत नाही.

क्लोनचा फायदा एकच: डिस्क लावा आणि मशीन सुरू. इमेजवरून थेट काम करता येत नाही, ती आधी डिस्कवर उतरवावी लागते. चालू विंडोज स्वतःवरच उतरवता येत नसल्यामुळे त्यासाठी बूट होणारा पेन ड्राइव्ह लागतो. तो मशीन बंद पडल्यावर नाही, इमेज घेतली त्याच दिवशी बनवायचा. इमेजची फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली म्हणून तो बूट होणार नाही, हेही एकदा सांगून टाकतो.

बाकी किरकोळ. क्लोन आणि मूळ डिस्क एकाच वेळी जोडू नका. दोघांची ओळख एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन ठेवू शकतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर बाहेरून बूट करून घेतलेली इमेज अख्ख्या डिस्कएवढी होते, आणि ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की त्याच लॅपटॉपमध्ये ठेवली असेल तर त्या कीचा उपयोग शून्य. क्लोनझिलाला नवी डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही, भले आतला डेटा मावत असेल. आधी पार्टिशन आक्रसून घ्यावं लागतं.

आणि इमेज त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवणाऱ्यांनो, सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशनं आहेत. डिस्क गेली की दोन्ही जातात.