‘आठ’ वेगळा, ‘आठ-अ’ वेगळा: घर घेताना कोणता कागद काय बोलतो

“कायले भेता भाऊ, आठ हाय ना माह्याजवळ!” वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट, पुलगावच्या आजूबाजूच्या मौजांत (महसुली गावांत) घर विकणाऱ्याचं हे ठरलेलं वाक्य. ते खोटं नसतं. घोळ इतकाच, की ‘आठ’ नावाचे कागद दोन आहेत. दोन्ही गावातच मिळतात, दोन्हींवर विकणाऱ्याचं नाव असतं, आणि दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

पहिला नमुना ८. हा ग्रामपंचायतीचा, घरांवरच्या कर आकारणीच्या नोंदवहीचा उतारा. दुसरा गाव नमुना ८-अ. हा महसूल खात्याचा, गावातल्या खातेदाराच्या नावावर किती जमीन आहे याच्या नोंदवहीचा उतारा. पहिला ग्रामसेवक देतो, दुसरा तलाठी. त्यात २०२४ मध्ये पदनामं बदलली: ग्रामसेवक झाला ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी झाला ग्राम महसूल अधिकारी. आता नुसतं “अधिकाऱ्याचा आठ आणा” म्हटलं तर माणूस कोणाच्या दारात जाईल सांगता येत नाही.

हातात कागद आल्यावर ओळखायचा कसा? करांचे रकाने पाहा. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी असे कर दिसले तर तो ग्रामपंचायतीचा नमुना ८. वर खाते क्रमांक, खाली भूमापन क्रमांकांची यादी, पुढं ‘आकारणी’ आणि जिल्हा परिषद-ग्रामपंचायतीचे स्थानिक कर रुपये-पैशांत असतील तर तो ८-अ. मापावरूनही कळतं. नमुना ८ बहुतेक चौरस फुटांत बोलतो, ८-अ हेक्टर-आरमध्ये.

नमुना ८ कशासाठी असतो

कर कोणाकडून वसूल करायचा, हे ठरवण्यासाठी. कुळाचं घर असो, अतिक्रमणातलं असो, भावकीत वाद चालू असो, घर उभं आहे आणि त्यात कोणी राहतं एवढं पंचायतीला पुरतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत कर व फी नियम, १९६० प्रमाणे ही आकारणी होते आणि साधारण दर चार वर्षांनी नव्यानं केली जाते. मालमत्ता क्रमांक, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, भांडवली मूल्य आणि त्यावरचा कर त्यात असतो.

सगळ्यात महत्त्वाचे दोन रकाने शेजारी-शेजारी असतात: ‘मालकाचे नाव’ आणि ‘भोगवटा करणाऱ्याचे नाव’. आपल्या मालकीच्या घरात राहणाऱ्याच्या उताऱ्यावर दोन्हीकडं एकच नाव, किंवा दुसऱ्या रकान्यात ‘स्वतः’. पण घर सरकारी जागेवर असेल तर पहिल्या रकान्यात ‘महाराष्ट्र शासन’ किंवा ‘ग्रामपंचायत’ लिहिलेलं असतं आणि विकणाऱ्याचं नाव दुसऱ्यात. झेरॉक्स घडी घालून दाखवली की नेमका पहिला रकाना घडीत जातो. उतारा पूर्ण उघडून, दोन्ही रकाने मोठ्यानं वाचून घ्या. लाज वाटायचं कारण नाही.

क्षेत्रफळाचंही तसंच. पंचायतीचा माणूस टेप लावून जे मोजतो त्यात कधी ओसरी येते, कधी मागचं आवार येतं, कधी दोन्ही सुटतात. ती काही भूमी अभिलेखची मोजणी नव्हे. नमुना ८ वरच्या चौरस फुटांच्या भरवशावर हद्दीचं कुंपण घालायला गेलात तर शेजारी पहिल्याच दिवशी उभा राहतो.

करवसुलीच्या वहीत नाव असल्यानं मालकी सिद्ध होत नाही, हे कायद्यात पक्कं आहे. वीसेक वर्षांच्या कर पावत्या असल्या तर ‘इतकी वर्षं ताबा आहे’ एवढंच त्यातून फार तर दिसतं. तरी हा कागद निरुपयोगी नाही. घरकुलासाठी तोच विचारतात, विजेच्या मीटरसाठी तोच चालतो, आणि थकबाकी किती आहे हेही तोच सांगतो. थकबाकी मात्र व्यवहाराआधीच विकणाऱ्याकडून भरून घ्यावी. नाव बदलायला गेलं की पंचायत आधी तीच मागते.

८-अ कशासाठी असतो

एका गावात एका खातेदाराच्या नावावर कोणकोणते भूमापन क्रमांक आहेत आणि त्यांचं क्षेत्र किती, याची ती बेरीज. पीककर्ज, पीकविमा, अनुदान, सगळीकडं हाच लागतो, म्हणून शेतकऱ्याच्या घरात याची प्रत कायम सापडते. डिजिटल स्वाक्षरीची प्रत ऑनलाइन ₹१५ मध्ये मिळते, त्यामुळं विकणाऱ्यानं दिलेल्या जुन्या प्रतीवर थांबायचं कारण नाही. स्वतः काढा, तारीख आजची येईल.

यात दोन ठिकाणी माणसं चुकतात. एक, ८-अ गावापुरता असतो. दोन मौजांत शेत असेल तर उतारे दोन. दोन, एका माणसाची एकाच गावात दोन खाती असू शकतात: एक स्वतःचं, दुसरं भाऊ-बहिणींसोबतचं सामाईक. प्लॉट सामाईक खात्यातला असेल आणि तुम्हाला फक्त वैयक्तिक खात्याचा ८-अ दाखवला असेल, तर बहिणींची नावं तुम्हाला दिसणारच नाहीत. दिसतील ती दाव्याच्या नोटिसीत.

८-अ बेरीज सांगतो, भानगडी सांगत नाही. बँकेचा बोजा, कुळ, दाव्याची नोंद, हे सगळं सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात असतं. जमीन भोगवटादार वर्ग-१ ची आहे की वर्ग-२ ची, हेही सातबाराच सांगतो. वर्ग-२ म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. म्हणून ८-अ कडं दार म्हणून पाहावं: त्यातले भूमापन क्रमांक लिहून घ्यायचे आणि प्रत्येकाचा सातबारा काढायचा. अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५७ म्हणतं. पंचायतीच्या करवहीला ते वजन नाही. पण मालकी देणारा दस्त सातबाराही नव्हे. मालकी येते नोंदणीकृत खरेदीखतानं, वारसानं, वाटणीनं.

कुठल्या घराला कुठला कागद असतोच मुळी

“आठ-अ दाखवा” म्हणून अडून बसायचं, की नमुना ८ पुरे म्हणायचं, हे घर उभं आहे त्या जागेवरून ठरतं.

जुन्या आबादीतलं, म्हणजे गावठाणातलं घर. तिथल्या जागेला शेतसारा नसतो, भूमापन क्रमांकही नसतो. मग सातबारा नाही आणि ८-अ सुद्धा नाही. अशा घरासाठी ८-अ मागणं म्हणजे बैलाला दूध मागणं. तिथं वर्षानुवर्षं नमुना ८ हाच एकमेव कागद होता. २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊ लागली आणि सनद (हक्काचा दाखला) व मिळकत पत्रिका (त्या जागेचा भूमी अभिलेखचा उतारा) द्यायला सुरुवात झाली. आपल्या गावाचं काम झालं असेल तर नमुना ८ सोबत मिळकत पत्रिका मागा आणि दोन्हींवरचं नाव जुळवा. बापाच्या नावाचा नमुना ८ आणि तीन भावांच्या नावाची मिळकत पत्रिका असेल, तर विक्रीवर तिघांच्याही सह्या लागतील.

शहराच्या काठावरचं लेआउट. कापड मिलच्या गावांची वाढ अशीच झाली: शहर नगर परिषदेत, पण रेल्वे फाटकापलीकडचा प्लॉट शेजारच्या मौजात, ग्रामपंचायतीत. पत्त्यावर शहराचं नाव असतं, कर मात्र पंचायतीला जातो. इथं दोन्ही कागद लागतात. लेआउट रीतसर असेल तर अकृषक आदेश (जमीन शेतीशिवाय वापरायची परवानगी) असतो, मंजूर नकाशा असतो आणि प्लॉटचा बिनशेती सातबारा निघतो. त्यावर क्षेत्र हेक्टरमध्ये नसून आर आणि चौरस मीटरमध्ये असतं, आणि पिकांचा नमुना १२ नसतो. तीस बाय चाळीसचा प्लॉट म्हणजे १,२०० चौरस फूट, म्हणजे १११.४८ चौरस मीटर: उताऱ्यावर १ आर ११.४८ चौमी दिसायला हवं. ‘०.८१ हेक्टर’ दिसलं तर तुम्ही अजून कोणाच्या तरी दोन एकर शेतात उभे आहात.

फसगत होते ती इथंच. शेतकरी दोन एकराचे दोर टाकून तुकडे पाडतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याचं किमान माप, ठरलेलं आहे. २०२३ पासून ते जिरायतासाठी २० गुंठे आणि बागायतासाठी १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकड्याची रजिस्ट्री अडते, म्हणून व्यवहार स्टॅम्पपेपरवर नोटरी करून होतो, पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या. तो कागद घेऊन घेणारा पंचायतीत जातो, घर बांधतो, आणि पंचायत घर दिसतंय म्हणून त्याच्या नावानं नमुना ८ सुरू करते. माणूस निश्चिंत होतो. इकडं तलाठ्याच्या दप्तरी काहीच हललेलं नसतं. ८-अ शेतकऱ्याच्याच नावावर पूर्ण दोन एकराचा. पुढच्या खरिपात तो त्याच ८-अ वर पीककर्ज उचलतो, बोजा अख्ख्या सर्वे नंबरवर चढतो, आणि तुमचं स्लॅबचं घर बँकेच्या दृष्टीनं कपाशीचं रान असतं. शेतकरी वारला की वारसांची नावं चढतात. त्यांनी तुमच्याशी कसलाच करार केलेला नसतो.

तुकडेबंदीत अलीकडे काही सवलती आल्या आहेत. आपला सर्वे नंबर त्यात बसतो का, ते तहसिलातून लेखी घ्यावं, दलालाच्या तोंडून नको.

शहरातलं मिलचं क्वार्टर किंवा चाळीतली खोली. इथं दोन्ही ‘आठ’ नसतात. असते नगर परिषदेची कर आकारणी आणि नगर भूमापनाची आखीव पत्रिका (शहरातली मिळकत पत्रिका), आणि गोंधळ तोच. कराची पावती कामगाराच्या नावानं येते, आखीव पत्रिकेवर धारक म्हणून मिल कंपनी, महामंडळ किंवा ‘नझूल’ (शहरातली सरकारी जागा) असतं. अकोल्याची सावतराम, अचलपूरची विदर्भ मिल या १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेल्या. अशा मिलची जमीन कामगार विकू शकत नाही, चाळीस वर्षं तिथं राहिला असला तरी. नोकरीमुळं मिळालेला ताबा नोटरीवर विकला तर घेणाऱ्याला फार तर ताबाच मिळतो, तोही काढून घेण्याजोगा. नझूलची जागा भाडेपट्ट्याची असते. पट्टा कधी संपला, नूतनीकरण झालं का, वापर निवासीच आहे का, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

जुळवणी

लेआउटमधलं घर घेताना क्रम असा ठेवा. नमुना ८ वर भूमापन क्रमांकाचा रकाना असतो. तो कोरा असेल तर भरून मागा. तोच क्रमांक विकणाऱ्याच्या ८-अ वर शोधा. सापडला नाही, तर त्या क्रमांकाचा सातबारा काढून जमीन कोणाची आहे ते पाहा. सापडला, तर सातबाऱ्यावर नाव, वर्ग आणि ‘इतर हक्क’ वाचा, आणि नाव कोणत्या फेरफारानं (हक्क बदलल्याच्या नोंदीनं) लागलं तो क्रमांक टिपून फेरफाराची नक्कल काढा. मग दुय्यम निबंधकाकडं निदान तीस वर्षांचा शोध आणि इंडेक्स-२ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा). एवढं जुळलं की भूमी अभिलेखची मोजणी लावा आणि ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) हातात घ्या. घर त्याच क्रमांकात आहे की शेजारच्या पांदणीवर, हे तिथंच कळतं.

रजिस्ट्रीला नोंदणी फी १ टक्का लागते, जास्तीत जास्त ₹३०,०००. मुद्रांक शुल्क वेगळं. निवासी घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणारा खरा मालक आहे की नाही याचा निवाडा करत नाही. ‘रजिस्ट्री झाली म्हणजे सगळं बरोबर’ हा समज त्यामुळंच महागात पडतो.

रजिस्ट्रीनंतर नाव दोन ठिकाणी बदलावं लागतं, आणि एक बदललं म्हणून दुसरं आपोआप बदलत नाही. तलाठ्याकडं फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा व ८-अ दोन्ही बदलतात. पंचायतीत वेगळा अर्ज, सोबत खरेदीखत आणि कर भरल्याची पावती. मासिक सभेत विषय मंजूर झाला की नमुना ८ वर नाव येतं. माणसं पंचायतीचं काम आधी उरकतात, कारण ते घराजवळ आहे आणि पावती लगेच हातात पडते. करायचं उलट: आधी तलाठ्याकडं जा, नोंद प्रमाणित झाल्यावर नवा ८-अ काढा, आणि त्याची प्रत पंचायतीच्या अर्जाला जोडा.