रात्री दीडचा जाणकार

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, त्या रात्री ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. काही वाहिन्यांनी तर कराची बंदर बेचिराख करून टाकलं होतं. मग कुणीतरी शहाणपणाचा सल्ला दिला, टीव्हीवाल्यांचं सोडा, एआयला विचारा. हा उपाय त्या वेळी अनेकांना सुचला होता. सुदानमधल्या खार्टूम विमानतळाचा जुना व्हिडिओ लोकांनी ग्रोकला, म्हणजे एक्सवरच्या एआय चॅटबॉटला, दाखवला, आणि ग्रोकने तो पाकिस्तानच्या नूर खान हवाई तळावरचा क्षेपणास्त्र हल्ला म्हणून खपवला.

यात लबाडी नाही, घडणच तशी आहे. अशा चॅटबॉटच्या मुळाशी असलेलं भाषेचं मॉडेल आधीच्या मजकुराला पुढे कुठला शब्द किंवा शब्दाचा तुकडा शोभेल, याची शक्यता मोजतं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ साली आली, हे हजारो ठिकाणी लिहिलेलं असल्याने तिथे ते सहसा चुकत नाही. दोन तासांपूर्वीच्या घटनेवर मात्र विश्वासार्ह मजकूरच नसतो. इंटरनेटवर शोधण्याची सोय दिली, तरी हाती लागते ती बरेचदा तीच अफवा, फक्त शुद्ध भाषेत.

मग ‘माहीत नाही’ असं सरळ का सांगत नाही? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये याचं एक कारण मांडलं. मॉडेलांच्या बहुतेक चाचण्यांत ‘माहीत नाही’ला शून्य गुण असतात आणि ठोकलेला अंदाज कधीतरी लागतो. उणे गुण नसतील तर परीक्षेत कोण प्रश्न कोरा सोडतं?

शिवाय प्रत्येक मॉडेलचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरला विमानं सुरू झाली. त्याआधी शिकून बसलेलं मॉडेल, शोध न घेता बोललं, तर विमानतळ ‘लवकरच’ सुरू होईल असं सांगेल. विमानतळाशेजारच्या उलवेकरांनी हा शब्द इतकी वर्षं ऐकलाय, की त्यांना त्यात काही खटकणारही नाही.

युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन ही सार्वजनिक प्रसारकांची संघटना आणि बीबीसी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. १८ देशांतल्या २२ माध्यमसंस्थांच्या पत्रकारांनी बातम्यांवरची एआयची सुमारे ३,००० उत्तरं पारखली. ४५ टक्के उत्तरांत निदान एक तरी मोठी खोट निघाली.

शेजारच्या काकांनी त्या रात्री चॅटबॉटला विचारलं, “मुंबईवर हल्ला होईल का?” उत्तर आलं, शक्यता कमी. काकांनी दरडावलं, “नीट बघ!” लगेच माफी, आणि शक्यता नाकारता येत नाही म्हणून सहा मुद्दे. माणसांना आवडतील अशी उत्तरं देण्याचं वळण प्रशिक्षणातच लागतं, त्यामुळे ही यंत्रं आवाज चढवला की बाजू बदलतात. काकांना मात्र दुसरं उत्तर जास्त अभ्यासपूर्ण वाटलं. सहा मुद्दे होते ना!

रात्री दीडला तसं वाटणारच. २००७ च्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्या माणसांना विदारक चित्रं दाखवली, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डालाचा, म्हणजे भीतीशी निगडित भागाचा, प्रतिसाद रात्री नीट झोप घेतलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होता. त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी असलेला दुवाही सैल पडला होता. झोप उडाली की फोनच्या निळ्या प्रकाशाला आपण उगाच जास्त बोल लावतो. माझ्या मते खरा दोष त्या प्रकाशात वाचलेल्या मजकुराचा.

२०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या पाहणाऱ्यांनी, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण नोंदवला होता. तेव्हा असे चॅटबॉट नव्हते. टीव्ही निदान जाहिरातींसाठी थांबतो. चॅटबॉट उत्तर संपवता संपवता ‘आणखी माहिती देऊ का?’ म्हणतो, आणि ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमधल्या यंत्रांना काही सकाळची ठाणे लोकल पकडायची नसते.