सह्याद्रीचे सुळके म्हणजे विझलेले ज्वालामुखी नव्हेत

सह्याद्रीतला प्रत्येक टोकदार डोंगर एकेकाळी ज्वालामुखी होता, हा समज जुना आणि चिवट आहे. दगड लाव्हाचाच आहे, यात वाद नाही. पण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तो शंकूच्या तोंडातून उसळला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा वाहत आला आणि थरावर थर साचून पठार तयार झालं.

घाटरस्त्यावर डोंगर जिथे कापलाय तिथे नीट पाहा. थर जवळजवळ आडवे दिसतात. मधूनच विटकरी लाल मातीची पट्टी येते. दोन प्रवाहांमध्ये बराच काळ गेला, खालच्या थराची झीज झाली, त्याची ही खूण. दरीपलीकडच्या डोंगरातही तेच थर साधारण त्याच पातळीवर सापडतात. प्रत्येक डोंगर स्वतंत्र ज्वालामुखी असता तर हे जुळलंच नसतं.

मग डोंगर आले कुठून? पश्चिम किनारा भंगला आणि पठाराची तुटकी कड पाण्याने झिजत पूर्वेकडे सरकत गेली. घट्ट कातळाचे उभे कडे राहिले. सच्छिद्र थर लवकर कुजतो, म्हणून तिथे उतार आणि माची. कळसूबाईसुद्धा (1,646 मीटर) झिजेतून उरलेलाच भाग.

आणि हो, लोणारचं विवरही ज्वालामुखीचं नाही. ते उल्काघाताचं आहे. गोव्याच्या दक्षिणेला तर घाटाचा दगडच बदलतो: तिथे बेसाल्टऐवजी, म्हणजे या लाव्हाच्या काळ्या दगडाऐवजी, त्याहून कितीतरी जुने खडक आहेत.