जंगलवाटांवरील सायकल भटकंती, मराठवाडा

डांबरी सडक सोडून वनखात्याचे कच्चे रस्ते, जुन्या गाडीवाटा आणि गुराख्यांच्या पायवाटा माउंटन बाइकवरून धुंडाळण्याचा छंद. यात शर्यत नसते, किलोमीटर मोजण्यालाही फारसा अर्थ नसतो. वाट कुठून निघते, कुठे संपते आणि मधे काय लागते हे स्वतः जाऊन पाहणे, एवढाच हेतू. मराठवाड्यात जंगल थोडे आणि तेही तुकड्यातुकड्यांनी उरलेले आहे : उत्तरेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, पूर्वेला किनवट-माहूर, दक्षिणेला बालाघाटच्या कुशीतील काही पट्टे. त्यामुळे किनवटचा भाग वगळला तर दिवसभर रानातूनच जाणारी वाट क्वचित सापडते. शेत, माळ, गायरान, थोडे रान, एखादा तांडा आणि पुन्हा रान अशी ती जाते, आणि याच सरमिसळीत तिची गोडी आहे.

माउंटन बाइकचा जन्म वनरस्त्यांवरच झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली टॅमलपाइस डोंगरावरील, वणवा विझवण्यासाठी काढलेल्या रस्त्यांवरून खाली पळवत. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने याच कामासाठी खास सांगाडा तयार केला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा प्रकार खेळ म्हणून दाखल झाला. आपल्याकडच्या जाळरेषा त्याच जातीच्या. वणवा रानाच्या एका कक्षातून (भागातून) दुसऱ्यात जाऊ नये म्हणून वनखाते गवत जाळून हे पट्टे मोकळे ठेवते. नकाशात त्या रस्त्यासारख्या दिसतात, पण त्या थेट टेकडीवर चढतात आणि पलीकडे कुठे पोहोचतीलच असे नाही.

मराठवाड्यात वाट अवघड की सोपी हे चढ ठरवत नाही, माती ठरवते. बेसाल्ट खडक झिजून झालेली इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. एक सर पडून गेली की पन्नास पावलांत टायर दुप्पट जाड दिसू लागतो. मातीत गवताच्या काड्या गुंततात, चाक आणि चिमट्यामधली फट भरते आणि चाक जागच्या जागी अडकते. मग सायकल ढकलताही येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. अशा वेळी बाभळीची एखादी काडी मोडून माती ओली असतानाच खरवडून काढावी. वाळली की तिचा दगड होतो. मडगार्ड आधीच घरी काढून ठेवलेले बरे. मुरमाचे उलट आहे. पाऊस थांबला की तासाभरात मुरमाची वाट चालती होते, टायर छान धरते आणि चिखलही उडत नाही. डोंगरउतारावर मुरूम आणि सखलात काळी, हे एकदा ध्यानात आले की पावसाळ्यातही कोणती वाट धरायची ते कळते. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट खडक आहे. तिथली वाळूसर माती आणखी वेगळी वागते. ओली असताना ती घट्ट बसते, वाळल्यावर मात्र चाक घसरते.

काळी वाळल्यावर दुसरी अडचण येते ती चाकोरीची. बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या खोल रेघा म्हणजे चाकोरी. हा शब्द आपण एरवी लाक्षणिक अर्थानेच वापरतो, इथे तो पायाखाली भेटतो. पुढचे चाक तिच्यात उतरले की हँडल वळत नाही आणि पायडल काठाला घासते. एक तर मधल्या उंचवट्यावरून जावे, नाहीतर चाकोरीत पूर्ण उतरून नजर लांब ठेवावी. अर्धवट बाहेर निघण्याच्या धडपडीतच माणूस पडतो.

काट्यांचे काय करायचे हे निघण्याआधीच ठरवावे लागते. बाभूळ, वेडी बाभूळ, बोराटी आणि जमिनीलगतचे सराटे सगळीकडे आहेत, शिवाय शेतकरी कुपाटीसाठी तोडलेल्या फांद्या ओढत नेतात तेव्हा वाटभर काटे सांडतात. आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, भरलेले ट्यूबलेस टायर हा इथे चैनीचा भाग नाही. साधी ट्यूब असेल तर दोन जादा ट्यूबा, ठिगळे, सोल्यूशन आणि पंप हवाच. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट हळू फिरवून मोडलेले टोक शोधावे, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

वाट विचारण्याची एक रीत आहे. ‘पलीकडे रस्ता जातो का?’ असे विचारले तर उत्तर बहुधा हो येते, कारण माणूस कुठूनही पायी जाऊ शकतो. ‘मामा, पल्याडनं बैलगाडी येती का?’ असे विचारावे. गाडी येत असेल तर चढ बेताचा आहे आणि ओढा ओलांडायला उतार आहे, हे त्या एका उत्तरात कळते. मोबाइलच्या नकाशापेक्षा ही माहिती भरवशाची, कारण शेत नांगरले की पाणंद बुजते आणि नकाशाला ते कळत नाही.

या भटकंतीसाठी सर्वांत समृद्ध भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा. १९८६ मध्ये घोषित झालेले हे सुमारे २६० चौ.किमी.चे अभयारण्य कन्नड आणि चाळीसगाव या दोन्ही बाजूंना पसरले आहे. दक्षिणेकडून, म्हणजे कन्नडकडून, जमीन हळूहळू चढते आणि उत्तरेला एकदम कड्यावरून खानदेशात कोसळते. म्हणून कन्नडकडून आलेला सायकलस्वार कड्यापर्यंत फारसा न दमता पोहोचतो. खाली पाटणादेवीला उतरून परत वर यायचे असेल तर दिवस वेगळा काढावा. घाटाचे नाव जेम्स औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्यावरून पडले. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा तोच. पितळखोऱ्याची लेणी याच डोंगरात आहेत आणि तिथे शेवटी पायऱ्याच उतराव्या लागतात. या वाटा जुन्या रहदारीच्या आहेत. अंतूर किल्ल्याच्या परिसरात गावांच्या दिशा सांगणारा, फारसी लेख कोरलेला निजामशाहीकालीन दगडी खांब आजही आहे. सायकल बाजूला लावून तो पाहावा. बैलांचे तांडे आणि घोडेस्वार याच खिंडींतून जात होते हे तिथे पटते.

किनवट-माहूरचे रान सागाचे, मराठवाड्यातले सर्वांत सलग. गोंड, कोलाम आणि आंध लोकांची गावे आणि बंजारा तांडे यांना जोडणारे कच्चे रस्ते इथे पुष्कळ आहेत. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि माहूरचे रेणुकामातेचे ठाणे असा दोन-तीन दिवसांचा फेरा जमतो. किनवट मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर आहे, त्यामुळे गाडीच्या सामानाच्या डब्यात सायकल नोंदवून नेण्याची सोय पाहता येते. धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट आणि बीडमधील नायगाव मयूर अभयारण्य ही दोन्ही लहान. एका सकाळीत होतात.

बिबट्यापेक्षा अस्वलाची काळजी अधिक घ्यावी. सायकल आवाज न करता वळणावर येते आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते, म्हणून दाट झाडीत घंटी वाजवत राहावे. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो तेव्हा पहाटे मोहाखाली अस्वले असतात. त्या वेळी रानात शिरू नये. कड्यांना आग्या मोहोळे असतात, तिथे धूर आणि अत्तर दोन्ही टाळावे. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ गौताळ्यात पोहोचला होता, तेव्हा हे रान रिकामे आहे असे समजू नये. शेताच्या कडेने जाताना रानडुकरांसाठी लावलेल्या तारांना हात लावू नये. त्यांत वीज सोडलेली असू शकते.

उत्तम काळ दिवाळीपासून माघापर्यंतचा. पुढे ओढे आटतात, पाण्यासाठी गावातल्या हापशावरच विसंबावे लागते आणि पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीवाचून शिरता येत नाही. राखीव वनातील घुसखोरीवर भारतीय वन अधिनियम, १९२७ चा बडगा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ, त्यात काडी पेटवून चहा करणेही गुन्ह्यात मोडू शकते. परवानगी वनपरिक्षेत्र कार्यालयातून घ्यावी आणि कोणत्या वाटेने जाणार, अंधार पडण्याआधी कुठे बाहेर पडणार, हे तिथल्या वनरक्षकाला सांगून निघावे.